अलीकडे पाहिलेले नवे-जुने सिनेमे : पार्श्वसंगीत गप्प राहतं तेव्हा

नांदी

गेले काही आठवडे नवे आणि जुने सिनेमे आलटून पालटून पाहते आहे. त्यात 'साबर बोंडं' आणि 'कुंकू' लागोपाठ पाहिले गेले आणि एक गोष्ट डोक्यात घट्ट बसली. दोन्हींत पार्श्वसंगीत नाही. एक २०२५ मध्ये प्रदर्शित झालेला, दुसरा १९३७ चा. दोन्ही पाहताना जे काही वाटलं ते माझं मला वाटलं, मागून कुणी व्हायोलिनं वाजवून सांगितलं म्हणून नाही. हल्लीच्या बऱ्याच सिनेमांबद्दल मला जी तक्रार आहे, तिचं मूळ इथेच आहे. म्हणून हा धागा.

(पुढे कथांमधले तपशील येणार आहेत. ज्यांना कोरी पाटी ठेवून पाहायचंय त्यांनी आधी सिनेमे पाहावेत, मग इथे यावं.)

'कुंकू'पासून सुरुवात करते. प्रभातचा, व्ही. शांतारामांचा सिनेमा, ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून केलेला. हिंदीत तोच 'दुनिया न माने'. नीराचं लग्न घरचेच फसवून एका वयस्क बिजवर वकिलाशी, काकासाहेबांशी, लावून देतात आणि ती त्यांना नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपटेंची नीरा रडत बसत नाही, हे बऱ्याच जणांनी लिहून झालंय. मला या वेळी पकडलं ते त्या घरातल्या आवाजांनी. भिंतीवरचं जुनं घड्याळ सतत टिकटिकत असतं. आपण ऐकतो, विसरतो, आणि दोघं एका खोलीत आली की ते पुन्हा ऐकू यायला लागतं. काकासाहेबांचं वय किती, हे कुठल्याही संवादापेक्षा ते घड्याळ जास्त बोचरेपणाने सांगतं. काकासाहेब झालेले केशवराव दाते मिशांना कलप लावतात तो प्रसंग आज कुणी केला असता तर मागे हमखास खट्याळ संगीत टाकलं असतं आणि आपण हसून मोकळे झालो असतो. इथे तसं काही होत नाही. त्यामुळे त्या माणसाची कीव येते, किळस येते आणि पुन्हा कीव येते. या तिन्हींत आपणच हेलकावे खात राहतो.

गाणी आहेत. केशवराव भोळ्यांचं संगीत आहे. भिकाऱ्याच्या तोंडी असलेलं 'मन सुद्ध तुझं' आजही लोकांच्या ओठांवर आहे. पण ती गाणी प्रसंगातूनच उगवतात. कुणीतरी खरोखर गात असतं. नीरा तर लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते, आणि हे १९३७ साली, मराठी सिनेमाच्या नायिकेने! गाणं संपलं की पुन्हा घरातले आवाज. बोलपट येऊन जेमतेम काही वर्षं झाली असताना, आवाजाचं नवंकोरं खेळणं हातात असताना, इतका संयम या लोकांनी कुठून आणला असेल?

आता 'साबर बोंडं'. रोहन कानवडेंचा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. २०२५ च्या सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथापट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. आनंदचे वडील जातात. दहा दिवसांच्या सुतकासाठी तो मुंबईहून आईबरोबर गावी येतो. तिथे त्याचा लहानपणचा मित्र बाळ्या आहे, शेरडं आहेत, आणि 'आता लग्नाचं बघा' म्हणणारे नातेवाईक आहेत. आनंद आणि बाळ्यामध्ये जे आहे ते नाव न देता, हळूहळू, अंगाखांद्याच्या सवयीतून दिसत जातं. बाळ्या काटे काढलेली साबर बोंडं आनंदला खायला देतो, आणि मला वाटतं प्रेमाची इतकी साधी खूण मराठी पडद्यावर फार वर्षांत आली नव्हती. काटे काढायचं काम किती किचकट असतं हे ज्यांनी ते फळ खाल्लंय त्यांना ठाऊक आहे.

यात संगीत टाकायचा मोह कुणालाही झाला असता. माळरान, संध्याकाळ, दोन पुरुष, बोलता न येणारं काहीतरी: बासरी तयारच असते अशा वेळी. पण मागे फक्त वारा, पाखरं, लांबून येणारे माणसांचे आवाज. आनंदची आई (जयश्री जगताप) नातेवाइकांना जी उत्तरं देते ती तर आवाज न चढवता दिलेली आहेत. तिला सगळं माहीत आहे, तिला ते मान्य आहे, आणि तरी हे जगापुढे कसं मांडायचं हे तिला दर वेळी नव्याने ठरवावं लागतं. हा तोल त्या बाईंनी ज्या पद्धतीने सांभाळलाय त्याला तोड नाही.

या दोघांनंतर 'दशावतार' पाहिला. दिलीप प्रभावळकरांसाठी पाहावाच. ऐंशी ओलांडलेला हा नट बाबुली मेस्त्री म्हणून रंगून उभा राहतो तेव्हा नजर हलत नाही. तोंडाला रंग लावतानाचा चेहरा आणि रंग उतरल्यावरचा चेहरा ही दोन वेगळी माणसं आहेत. माझी अडचण वेगळी. हा चेहरा एवढं बोलत असताना मागे एवढा गदारोळ कशाला? जिथे ते नुसते बघतात, तिथेही ढोल आणि स्वरसमूह येऊन 'हे महत्त्वाचं आहे हं' म्हणून सांगतात. प्रभावळकरांवर भरवसा ठेवला असता तर हा सिनेमा अजून कितीतरी उंच गेला असता असं मनापासून वाटतं.

'कोर्ट' पुन्हा पाहिला. चैतन्य ताम्हाणेंचा, २०१४ चा. शेवटाकडे न्यायालयाचं कामकाज संपतं, माणसं निघून जातात, शिपाई एकेक दिवा बंद करतो आणि कॅमेरा तिथेच राहतो. अंधार होतो, तरी चित्र बदलत नाही. सिनेमा इथेच संपला असं वाटतं, पण तो संपत नाही. पुढे न्यायाधीशमहाराज सहलीला गेलेले दिसतात. यंत्रणा सुट्टीवर गेली आणि खटल्यातला आरोपी लोकशाहीर नारायण कांबळेचं काय, हा प्रश्न आपल्या अंगावर टाकून दिला. संभाजी भगत यांची जलसागीतं यात आहेत, पण ती मंचावर गायलेली. संगीत आहे ते माणसांच्या गळ्यातलं.

'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ही पाहिला. पायल कपाडिया, २०२४, कानचं ग्रां प्री. जर्मनीतल्या नवऱ्याकडून आलेला मानला जाणारा तो लाल राइस कुकर नर्स प्रभा रात्री जमिनीवर बसून मिठीत घेते, तेवढ्यासाठी तरी पाहा. आपली छाया कदम त्यात फार सुंदर आहे.

तुम्ही अलीकडे काय पाहिलंत? नवं-जुनं दोन्ही सांगा. आणि संगीताचं माझं म्हणणं पटत नसेल तर तेही.

तिसरी घंटा

धागा आवडला. 'साबर बोंडं'बद्दल शब्दाशब्दाला अनुमोदन.

मला 'सैराट'ची आठवण झाली. लोक म्हणतील, त्यात कसली शांतता? हॉलिवूडच्या स्टुडिओत जाऊन तिथला वाद्यवृंद वापरलेला सिनेमा तो! पण म्हणूनच शेवट तसा बसतो. पूर्वार्धात विहिरीतली उडी असो की शेतातली धाव, सगळं सिम्फनीवर तरंगतं, आणि शेवटी ते लहान मूल बाहेर येतं तेव्हा आवाजच नाही. रक्ताची पावलं उमटतात आणि चित्रपटगृहात चिटपाखरू बोलत नाही. नागराज मंजुळेंनी अजय-अतुल यांचं संगीत आपल्याकडून काढून घेतलं असं मला तेव्हा वाटलं होतं. आधी भरभरून दिलं नसतं तर काढून घेतल्याचं कळलंही नसतं.

त्यामुळे संगीत असावं की नसावं यापेक्षा ते कधी थांबतं हा मुद्दा मला मोठा वाटतो.

रानवाट

नांदीताई, मी थोडा विरोधात बोलतो.

परवा 'जैत रे जैत' पुन्हा पाहिला. १९७७. गोनीदांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. तुमच्या मोजपट्टीने बघितलं तर हा सिनेमा नापासच व्हायला हवा, कारण त्यात गाणं थांबतच नाही म्हटलं तरी चालेल. पण त्यातलं संगीत काढा आणि सांगा काय उरतं ते. नाग्या ढोल वाजवणारा. त्याचं मोठेपण त्याच्या ढोलात. राणीमाशीवरचा राग, लिंगोबाच्या डोंगराची ओढ, चिंधीचं त्याच्यावर जीव टाकणं, सगळं गाण्यातून पुढे सरकतं. स्मिता पाटील 'मी रात टाकली'त जशी चालते, ते चालणं त्या तालाशिवाय होऊच शकत नाही.

आपल्याकडे गोष्ट गाऊनच सांगितली गेली आहे. कीर्तन, तमाशा, दशावतार, काहीही घ्या. मग सिनेमाने तेवढं गप्प बसावं हा हट्ट कुठून आला?

नांदी

रानवाट, 'जैत रे जैत' माझाही अतिशय लाडका आहे, आणि तुमचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. पण माझी तक्रार त्या संगीताबद्दल नाहीच. 'जैत रे जैत'मध्ये गाणं गोष्ट सांगतं. तिथे गाणारे ठाकर हेच निवेदक आहेत. ते मला नवीन काहीतरी देतात, जे पडद्यावर एरवी नाही. मी ज्याला कंटाळले आहे ते संगीत मला पडद्यावर आधीच दिसत असलेलंच पुन्हा सांगतं. आई रडतेय हे मला दिसतंय. त्यावर सारंगी लावली की मला तिच्याकडे बघायचं काम उरत नाही.

हाच फरक 'सामना'त फार छान दिसतो. 'कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे' हे आरती प्रभूंचं गीत मास्तरांना काय वाटतंय ते सांगत नाही, ते आपल्यापुढे एक वेगळाच प्रश्न ठेवतं. आणि मास्तर झालेले डॉ. लागू 'मारुती कांबळेचं काय झालं?' विचारतात तेव्हा त्या प्रश्नाला कुठल्याही वाद्याची गरज पडत नाही.

रीळ

चांगली चर्चा चाललीये. भयपटांच्या बाजूने दोन गोष्टी.

हिचकॉकला 'सायको'मधला न्हाणीघराचा प्रसंग आधी संगीताशिवाय हवा होता. बर्नार्ड हरमनने तरीही त्यासाठी फक्त तंतुवाद्यांचं संगीत लिहिलं, हिचकॉकने ते ऐकलं आणि ठेवलं. आज तो प्रसंग त्या किंचाळणाऱ्या व्हायोलिनांशिवाय कुणाला आठवतही नाही. तिथे संगीत दिसणारी गोष्ट पुन्हा सांगत नाही, ते स्वतःच सुरीसारखं चालतं.

पण त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६३ मध्ये, त्याच हिचकॉकने 'द बर्ड्स' केला आणि त्यात नेहमीच्या अर्थाने पार्श्वसंगीतच ठेवलं नाही. पक्ष्यांचे बरेच आवाज ट्राउटोनियम नावाच्या विद्युत वाद्यावर तयार केलेले होते आणि ध्वनीसाठी सल्लागार म्हणून पुन्हा हरमनच. शाळेबाहेर बाकावर बसलेली नायिका, मागे लोखंडी सांगाड्यावर एकेक कावळा येऊन बसतोय, आणि कानावर पडतंय ते वर्गातल्या मुलांचं गाणं. ते गाणं संपूच नये असं वाटतं. मुलं गाताहेत तोवर ती आत सुरक्षित आहेत.

कोएन बंधूंचा 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' (२००७) पण याच वाटेवरचा. जवळजवळ संगीत नाहीच. पेट्रोल पंपावर तो खुनी दुकानदाराशी बोलता बोलता खाऊचा रिकामा कागद चुरगळून टेबलावर ठेवतो, आणि तो कागद हळूहळू करकरत उलगडतो. एवढ्या आवाजाने माझ्या पोटात गोळा आला होता.

ओसरी

कोणी 'द झोन ऑफ इंटरेस्ट' पाहिला का? जोनाथन ग्लेझरचा, २०२३ चा. ध्वनीचं ऑस्कर मिळालं त्याला, आणि सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपटाचंही.

आउश्वित्झच्या छळछावणीला लागून असलेल्या बंगल्यात तिथल्या प्रमुखाचं कुटुंब राहतं. बाग, पोहण्याचा हौद, मुलं, पाहुणे. भिंतीपलीकडचं काहीही दाखवत नाहीत. फक्त ऐकू येतं. गोळ्या, ओरडणं, भट्ट्यांची अखंड घरघर. आणि त्या घरातली माणसं फुलांबद्दल बोलत असतात. थोड्या वेळाने मलाही त्या आवाजाची सवय व्हायला लागली आणि त्याची मला फार भीती वाटली. दुसऱ्यांदा पाहायची हिंमत अजून झालेली नाही. पण पाहाच, आणि चांगल्या आवाजात पाहा. फोनच्या स्पीकरवर पाहिलात तर अर्धा सिनेमा पोहोचणारच नाही.

तिसरी घंटा

ओसरी, आवाजाचा विषय निघालाच आहे तर एक कामाची गोष्ट सांगतो. घरी टीव्हीवर संवाद पुटपुटल्यासारखे आणि संगीत कानठळ्या बसवणारं, असा अनुभव बऱ्याच जणांना येतो. बहुतेक वेळा कारण असं की ध्वनी ५.१ चा (सहा वाहिन्यांचा) असतो, त्यात संवाद मुख्यतः मधल्या वाहिनीवर असतात, आणि टीव्हीचे दोन स्पीकर सगळं एकत्र कोंबून वाजवतात. प्लेअरच्या किंवा ॲपच्या सेटिंगमध्ये ५.१ ऐवजी स्टिरिओ निवडून बघा. संवाद स्पष्ट करणारी सोय असेल तर ती चालू करा. साधे हेडफोन लावले तरी खूप फरक पडतो. 'साबर बोंडं'सारख्या सिनेमात तर हे करायलाच हवं, नाहीतर ज्या शांततेबद्दल आपण बोलतोय ती नुसती रिकामी जागा वाटेल.

पायवाट

मी आजवर वाचनमात्र होते, आज राहवलं नाही म्हणून लिहितेय.

'पथेर पांचाली'चं नाव अजून कसं नाही आलं? हरिहर बऱ्याच काळाने घरी येतो. दुर्गा गेली आहे हे त्याला माहीत नाही. आणलेल्या वस्तू एकेक करून दाखवत असतो. दुर्गासाठी आणलेली साडी सर्बजयाच्या हातात देतो, आणि ती कोसळते. तिचं तोंड उघडतं, पण आपल्याला तिचा आवाज ऐकू येतच नाही. त्या जागी तारशहनाई येते. रविशंकरांचं संगीत. सत्यजित रायनी तिचं रडणं काढून टाकलं आणि वाद्य ठेवलं.

नांदी, तुमच्या नियमात हे कुठे बसतं? कारण हे संगीत आहे, दुःखाच्या क्षणी आहे, आणि तरीही माझ्या मते आपल्या देशातल्या सिनेमातला तो सर्वात खरा क्षण आहे. खरं रडणं ऐकू आलं असतं तर ते त्या एका बाईचं राहिलं असतं.

नांदी

पायवाट, लिहित्या झालात हे फार बरं केलंत.

इथे संगीत रडण्याच्या वर चढवलेलं नाही, रडण्याच्या जागी आलंय. राय आपल्याकडून एक गोष्ट काढून घेतात आणि मग दुसरी देतात. तिसरी घंटा यांनी 'सैराट'बद्दल जे म्हटलं त्याच्या बरोबर उलट दिशेने, पण कृती तीच. दोन्हीकडे दिग्दर्शकाने काहीतरी सोडायचं ठरवलंय. मला चीड येते ती काहीच न सोडणाऱ्या सिनेमांची. रडणं पण हवं, सारंगी पण हवी, संथ गती पण हवी, वर पाऊसही हवा.

रानवाट

हे पटलं. 'सोडणं' हा निकष लावला तर 'जैत रे जैत'ही बसतो, कारण त्यात बोलणं सोडलंय.

आता एक जुना सिनेमा माझ्याकडून. 'संत तुकाराम', १९३६, दामले-फत्तेलाल. विष्णुपंत पागनीसांबद्दल सगळे बोलतात, मी जिजाई झालेल्या गौरीबाईंबद्दल बोलतो. मुलगा आजारी पडतो तेव्हा जिजाई त्याला घेऊन तरातरा देवळात जाते आणि विठोबावर चप्पल उगारते. भक्तिपटात! ती भांडते, शिव्या घालते, भाकरी घेऊन नवऱ्याच्या मागे डोंगर चढते. तुकोबांच्या अभंगांच्या मधोमध तिचा तो रोजच्या संसाराचा रांगडा आवाज आहे म्हणून ते अभंग जमिनीवर राहतात. ही बाई प्रभातमध्ये झाडलोटीच्या कामाला आलेली, नटी म्हणून नव्हे. आणि 'आधी बीज एकले' हा तुकारामांचा अभंग नसून शांताराम आठवल्यांनी या सिनेमासाठी लिहिलेलं गीत आहे, हे अजूनही अनेकांना खरं वाटत नाही.

रीळ

जिजाईला +१. पूर्ण सिनेमा तिच्या बाजूने पुन्हा पाहायला हवा.

'फँड्री'चा एक प्रसंग राहिलाच. डुकराला घेरत आणलंय, जब्याचं कुटुंब दमून गेलंय, आता ते सापडणार, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे. डुक्कर मात्र निघून जातं. राष्ट्रगीत तिथे शाळेतून ऐकू येतंय, प्रसंगातलंच आहे, पण त्या जागी ते आल्यामुळे त्याचा अर्थ काय होतो ते प्रत्येकाने स्वतः ठरवायचं. जब्याचे वडील झालेल्या किशोर कदमांचा चेहरा तेवढा बघा त्या वेळी.

पायवाट

यादी केली आहे. आधी 'कुंकू', मग 'द बर्ड्स'. 'द झोन ऑफ इंटरेस्ट' जरा धीर गोळा करून. 'कुंकू' मराठी बघावा की हिंदी?

नांदी

मराठीच बघा. दोन्हींत शांता आपटे आणि केशवराव दातेच आहेत, पण काकासाहेबांचं बोलणं मराठीत जास्त अंगावर येतं. शकुंतला परांजपे काकासाहेबांच्या मुलीच्या भूमिकेत आहेत, त्यांचे आणि नीराचे प्रसंग नीट बघा. सावत्र आई आणि वयाने तिच्याहून मोठी मुलगी, या दोघींमधलं बोलणं त्या काळासाठी फारच धीट आहे. पाहून झालं की घड्याळाबद्दल तुम्हाला काय वाटलं ते इथे लिहा. रीळ, मी 'द बर्ड्स' पुन्हा लावते आहे, शाळेच्या प्रसंगावर मग सविस्तर बोलू.